दिवा लख्ख झाला तेव्हाच पिन उपसायला पाहिजे होती

ताई-दाजी आतून घर केलेल्या गाडीने धरणाच्या बॅकवॉटरला मुक्कामाला गेलेले, तिथल्या पॉइंटवरून गाडीत वीज घेऊन. ताईचा फोन आला तेव्हा मी नाशिकमध्ये द्वारकेच्या सिग्नलला अडकलेलो, शनिवार, डिसेंबरचा शेवटचा आठवडा, रात्रीचे पावणेनऊ. फोन उचलल्या उचलल्या तिचं पहिलं वाक्य, "अरे गाडीतला दिवा एकदम लख्ख झाला रे, डोळे दिपले, आणि मग फट्ट." मागून दाजी ओरडतायत, "त्याला सांग एसीतून धूर येतोय, वास बघ कसला सुटलाय." मी म्हटलं आधी बाहेरची पिन उपटा, मग बोला. दाजींनी उपटली. मग मी ताईला एकच विचारलं की शेजारच्या तंबूतले दिवे कसे होते गं त्या वेळी? ती म्हणाली, "ते तर मिणमिण करत होते, मला वाटलं त्यांची लाईट गेली आणि आपल्याला जास्त आली."

अगदी तसंच झालं होतं. एकाचा दिवा लख्ख आणि शेजारच्याचा मंद, एकाच क्षणी, एकाच जागेत, म्हणजे न्यूट्रल, वीज परत नेणारी तार, गेली. मीटर लावायच्या आधीच मला नव्वद टक्के खात्री झाली.

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं की २०२१ ला राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून आणि त्यात लॉकडाऊनमधल्या यूट्यूबची भर पडून नाशिकमध्येही गाडीला घर बनवणारे बरेच जण झालेत, मला महिन्याला एखादा फोन येतोच, आणि सगळे विचारतात सोलर किती वॅटचं लावू, गादी कुठली घेऊ, संडास कसा बसवू. बाहेरच्या पॉइंटवरून गाडीत वीज घेताना काय होऊ शकतं हे आजपर्यंत एकानेही विचारलेलं नाही. मी अंबडला पॅनल वायरिंगचं काम करतो, एकोणीस वर्षं झाली, आणि खरं सांगायचं तर दाजींच्या गाडीत मी पण दिवाळीआधी डोकावून बघणार होतो, "येतो दाजी रविवारी" म्हणालो आणि गेलोच नाही. ती चूक माझी.

दाजी प्रेसमधून, म्हणजे सरकारी छापखान्यातून, रिटायर झाले. नाशिकरोडच्या माणसाला कुठली प्रेस ते सांगावं लागत नाही. फंडाच्या पैशातून त्यांनी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, बॉडीवाल्याकडून आत पलंग, ओटा, बेसिन, एक टनाचा इन्व्हर्टर एसी, मायक्रोवेव्ह, बारा व्होल्टचा फ्रिज, २०० अँपियर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, २००० व्हीएचा इन्व्हर्टर आणि ३० अँपियरचा चार्जर बसवून घेतला. सुतारकाम बघाल तर फ्लॅटला लाजवेल असं. आणि वायरिंग काय, तर मागच्या बंपरजवळ एक भोक, त्यातून बाहेर आलेली वायर, तिला १६ अँपियरचा थ्री पिन टॉप, आत ती वायर थेट एका एक्स्टेन्शन बोर्डात, त्या बोर्डावर छापलेलं 'सर्ज प्रोटेक्टर', आणि त्यातून सगळं. एमसीबी (जादा करंटला लाईन तोडणारा स्विच) नाही, आरसीसीबी (करंट बाहेर गळला की लाईन तोडणारा) नाही, काही नाही. बॉडीवाल्याला दोष तरी किती देणार, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

रविवारी सकाळी मी निघालो. गंगापूर रोडने सोमेश्वर मागे टाकलं, पुढे धरणाकडे वळलो, बॅकवॉटरवर धुकं होतं, हात गारठलेले. दाजी म्हणाले आधी मिसळ खाऊ मग बघू, मी म्हटलं आधी मीटर, कारण पाहुण्यांनी सकाळचे गिझर लावलेत तोवरच खरं काय ते दिसेल, नंतर सगळं शांत झालं की सगळे आकडे साळसूद दिसतात.

जागा छान होती, नाव घेत नाही. वर द्राक्षाचा मळा, खाली पाण्याच्या बाजूला तंबू, मध्ये गाड्या लावायला सपाट केलेली जागा आणि तिथे एका लोखंडी खांबावर पत्र्याचा बॉक्स, त्यात पाच सॉकेट. वीज येते ऑफिसजवळच्या मेन बोर्डावर, थ्री फेज, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारा, आणि तिथून साधारण सव्वाशे मीटर ॲल्युमिनियमची आर्मर्ड केबल जमिनीखालून या खांबापर्यंत. तीन फेज तीन ठिकाणी वाटलेल्या. एकीवर तंबूंचे दिवे आणि बाथरूमचे गिझर, दुसरीवर गाड्यांचे सॉकेट, तिसरीवर झाडांना गुंडाळलेल्या लाईटच्या माळा. मॅनेजर भला माणूस, पण त्याचं एकच पालुपद, "दादा, वरूनच लाईट वाढली हो काल, आम्ही तरी काय करणार." वरून म्हणजे डीपीवरून, ट्रान्सफॉर्मरकडून. मी म्हटलं बघू ना.

मीटर लावला. फेज ते फेज ४०८, ४०५, ४०६. म्हणजे वरून येणारी लाईट बरोबर होती, तिथे काही वाढलेलं नव्हतं. मग फेज ते न्यूट्रल बघितलं. गिझरवाली फेज १६८, गाड्यांची फेज २७१, माळांची २७४. तिन्ही ठिकाणी २३० च्या आसपास पाहिजे. मी मीटरच्या तारा गाड्यांच्या सॉकेटमध्येच ठेवल्या आणि तिथल्या पोराला म्हटलं पळत जा आणि दोन्ही गिझर बंद कर. तो गेला, मीटरवरचा आकडा २७१ वरून सरकत २३४ वर येऊन थांबला. म्हटलं आता एक चालू कर. परत वर. दुसरा चालू कर. अजून वर. दाजी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते, म्हणाले, "अरे पण गिझर आपल्या फेजवर नाहीच आहेत ना?" तेच तर. गिझर लावला दुसऱ्याने आणि व्होल्टेज वाढलं आपलं, हे ज्या क्षणी दिसतं त्या क्षणी दुसरं कुठलं कारण शोधायची गरज राहत नाही.

मग मॅनेजरने त्यांच्या वायरमनला बोलावलं, त्याने मेन पाडला, टेस्टर आणि मीटर दोन्हीनं खात्री केली आणि आम्ही बॉक्सचा पत्रा काढला. (हे कुणी आपल्या हाताने करायला जाऊ नका, दुसऱ्याच्या बॉक्सला तर नाहीच.) न्यूट्रलची ॲल्युमिनियमची तार, टोकाला लग नाही, थिंबल नाही (तारेच्या टोकावर दाबून बसवायची धातूची टोपी), नुसती सोलून पितळी पट्टीच्या स्क्रूखाली दाबलेली. स्क्रू बोटाने फिरला. तार काळी पडलेली, दोन इंच इन्सुलेशन वितळून पट्टीला चिकटलेलं, आणि पट्टीवर हिरवट पावडर. ॲल्युमिनियमची खोड अशी आहे की हवेत उघडं पडलं की त्याच्यावर लगेच ऑक्साईडचा थर येतो, तो वीज वाहू देत नाही, शिवाय दाबाखाली ते हळूहळू सरकतं, म्हणजे आज घट्ट आवळलेला स्क्रू सहा महिन्यांनी आपोआप ढिला, ढिला म्हणून गरम, गरम म्हणून अजून ढिला. त्यात पितळ आणि ॲल्युमिनियम शेजारी आणि पाण्याच्या कडेचा दमट वारा. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, फक्त पावसाळ्यानंतर कुणी पाना फिरवला नव्हता.

आता त्या रात्री नेमकं काय झालं ते आकड्यात सांगतो, कारण 'व्होल्टेज वाढलं' एवढ्याने कुणाला काही कळत नाही. न्यूट्रल जागेवर असला की प्रत्येक फेजवरचं सामान आपापलं २३० घेऊन सुखात असतं, शेजाऱ्याशी संबंध नाही. न्यूट्रल तुटला की गिझर आणि आपली गाडी एकामागे एक अशा सिरीजमध्ये येतात आणि दोघांवर मिळून फेज ते फेजचे ४०० व्होल्ट पडतात. ते ४०० निम्मे निम्मे वाटले जात नाहीत, ज्याचा लोड कमी त्याच्या वाट्याला जास्त. त्या रात्री दोन गिझर मिळून ४००० वॅट होते, आणि गाडीत गरम हवेवर लावलेला एसी अधिक चार्जर मिळून धरा १००० वॅट. ४००० वॅटचा रेझिस्टन्स होतो साधारण १३ ओहम, १००० वॅटचा ५३. ओहमच्या प्रमाणात ४०० वाटा, गिझरला ८० आणि गाडीला ३२०. माळांच्या फेजवर तर जवळपास काही लोडच नव्हता, तिथे साडेतीनशेच्याही वर गेलं असणार. हा हिशोब साध्या हीटरसारखा लोड धरून आहे, एसी-चार्जर इतके सरळ वागत नाहीत, पण अंदाजाला पुरतो.

आणि हे सगळं जुळतं बघा. माळा सगळ्या मेल्या होत्या, मॅनेजरने सकाळी स्वतः सांगितलं. आणि तंबूतले लोक रात्रीपासून तक्रार करत होते की गिझरचं पाणी कोमटसुद्धा होत नाहीये. ८० व्होल्टवर गिझर आठव्या भागाइतकाच तापतो, कसं होणार. म्हणजे गार पाण्याची तक्रार आणि जळालेला एसी ही एकाच ढिल्या स्क्रूची दोन टोकं, पण एक तक्रार हाउसकीपिंगच्या पोराकडे गेली आणि दुसरी माझ्याकडे.

सकाळी न्यूट्रल थोडाफार टेकत होता म्हणून २७१ दिसलं, रात्री पूर्ण सुटला होता. सुटणारा न्यूट्रल असा लपाछपी खेळतो, हेच त्यातलं सगळ्यात वाईट.

गाडीतलं नुकसान. एसीचा पीसीबी, म्हणजे आतला सर्किट बोर्ड, गेला, उघडला तर मोठा कॅपेसिटर डोक्यावर फुगून फाटलेला, आतली कागदी गुंडाळी बाहेर. ३२० व्होल्ट एसीचं शिखर ४५० च्या वर जातं आणि त्या कॅपेसिटरवर छापलेलंच ४५० होतं, त्याने बिचाऱ्याने किती वेळ तग धरला असेल कोण जाणे. मायक्रोवेव्हचं घड्याळाचं कार्ड गेलं. चार्जर वाचला, म्हणजे त्याच्या तोंडाशी असलेला व्हॅरिस्टर (विजेचा झटका गिळणारा भाग) फुटला, फ्यूज उडाला, दोन्ही बदलल्यावर चालू झाला. फ्रिज, पंखा, दिव्याच्या पट्ट्या, मोबाईलचे पॉइंट हे सगळं बारा व्होल्टवर बॅटरीतून चालत होतं, त्यातल्या एकालाही ओरखडा नाही. ताईला लख्ख दिसला तो दिवा ओट्यावरचा, तेवढा एकच २३० वर होता. हा फरक मी तेव्हाच मनात नोंदवला कारण पुढचा सगळा विचार त्यावरच उभा राहिला.

दाजींना सगळ्यात जास्त राग त्या एक्स्टेन्शन बोर्डाचा आला. "अरे मी सर्ज प्रोटेक्टर लावला होता ना, मग?" हा गैरसमज इतका पसरलाय की जरा थांबून सांगतो. त्या बोर्डात असतो एक निळा चकतीसारखा व्हॅरिस्टर, साधारण २७५ व्होल्टचा. लांबवर वीज पडली किंवा मोठी मोटर बंद झाली की तारेतून जो सेकंदाच्या लाखाव्या हिश्श्याचा झटका येतो तो गिळायला तो बनवलाय. त्याला सलग पाच मिनिटं ३२० व्होल्ट दिले तर तो ते गिळतच बसतो आणि जळतो, आमच्या बोर्डात त्याचे दोन तुकडे सापडले आणि प्लॅस्टिक करपलेलं. म्हणजे जे संकट आलं त्याच्यावर हे औषधच नव्हतं. आपल्याकडे लागतो तो व्होल्टेज बघून लाईन तोडणारा रिले, लोक त्याला व्होल्टेज प्रोटेक्टर म्हणतात, हाय-लो कट म्हणतात.

दाजींनी अमेरिकेतले आरव्हीवाले, म्हणजे गाडीतच घर करून फिरणाऱ्यांचे, व्हिडिओ रग्गड बघितलेत, तिकडे म्हणे पॉइंटवर लावायचा एक डबा मिळतो जो सगळं तपासून मगच वीज आत सोडतो, तो मागवू या. कल्पना बरोबर, डबा चुकीचा. तिकडचं ३० अँपियरचं कनेक्शन १२० व्होल्टचं असतं, आणि ५० अँपियरमध्ये १२० च्या दोन बाजू आणि दोघींमध्ये २४०. तिकडेही न्यूट्रल तुटला की अगदी हाच आजार, फक्त ४०० ऐवजी २४० वाटले जातात. पण तो १२० चा डबा आपल्या २३० ला लावला तर सगळ्यात आधी तोच जायचा. तिकडची डोकॅलिटी घ्यायची, सामान नाशिकच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातलं.

आता अर्थिंग, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणारी जोडणी. हे मी मुद्दाम वेगळं काढलं कारण एसी जळाला म्हणून सगळे तिकडेच बघत होते आणि खरी जिवावरची गोष्ट ही होती. ताई बोलता बोलता म्हणाली की संध्याकाळी ओल्या गवतावर अनवाणी उभं राहून गाडीचा दांडा धरला तर हाताला झिणझिण्या येत होत्या, मला वाटलं थंडीने. थंडीने कसल्या. मी सॉकेटमध्ये फेज ते अर्थ बघितलं, १४० च्या आसपास आणि हलतं, न्यूट्रल ते अर्थ ९०. असे अधांतरी आकडे आले की समजायचं ती अर्थची पिन कशालाच जोडलेली नाही, मीटर हवेतलं भूत मोजतोय. बॉक्स उघडल्यावर दिसलंच, अर्थची हिरवी वायर सॉकेटपासून निघून बॉक्सच्या पत्र्यापर्यंत आणि पत्र्यापासून पुढे कुठेच नाही. चार्जर, एसी, मायक्रोवेव्ह यांच्या आत फिल्टरचे छोटे कॅपेसिटर असतात, ते थोडासा करंट अर्थकडे सोडतात, अर्थ नसली की तो करंट गाडीच्या पत्र्यावर बसतो आणि गाडी चार रबरी टायरवर उभी. ताईला जाणवलं ते तेवढंच, मिलिअँपियरच्या आतलं. पण उद्या एखाद्या वायरचं इन्सुलेशन घासून फेज पत्र्याला लागली असती तर तोच दांडा पूर्ण २३० चा झाला असता आणि कुठलाही फ्यूज उडाला नसता.

इथे एक सांगतो, आरसीसीबीवर जे टेस्टचं बटण असतं ते दाबलं आणि पडलं म्हणजे अर्थिंग चांगली असं बरेच वायरमनसुद्धा समजतात. तसं नाही. ते बटण आतल्या आत फेज-न्यूट्रलमधून थोडा करंट वळवतं, अर्थची वायर कापून टाका, तरी ते पडेल. आमच्याकडची जुनी पद्धत म्हणजे होल्डरला लावलेला १०० वॅटचा बल्ब फेज आणि अर्थमध्ये धरायचा, लख्ख पेटला तर अर्थ आहे, पण त्या वेळी गाडी जोडलेली नको, कारण अर्थ तुटलेली असेल तर त्या बल्बमधून फेज जाऊन जोडलेले सगळे पत्रे जिवंत होतात, आणि आरसीसीबी असेल तर तो पडणारच.

दुरुस्ती कशी करायची यावरून माझं आणि दाजींचं आठवडाभर चाललं. त्यांचं म्हणणं मोठा स्टॅबिलायझर बसव. माझं म्हणणं स्टॅबिलायझर १८० चं २२० करून देईल, ते त्याचं काम, पण न्यूट्रल गेल्यावरच्या ३२० ला तो काही जादू करणार नाही, हाय कट असेल आणि वेळेवर पडला तर ठीक. आणि मुळात प्रश्न वेगळा आहे, बाहेरची लाईट गाडीतल्या प्रत्येक वस्तूपर्यंत न्यायचीच कशाला? त्या रात्री काय वाचलं ते बघा, जे बॅटरीवर होतं ते सगळं. मग आपण असं करू ना की बाहेरच्या विजेने फक्त चार्जर चालवायचा, चार्जर बॅटरी भरणार, आणि घरातलं सगळं २३० इन्व्हर्टरमधून घ्यायचं. बाहेर काहीही गोंधळ झाला तरी तो चार्जरच्या दारात अडणार.

आणि ह्यात दुसरा फायदा असा की ३० अँपियरचा चार्जर बॅटरीला १४.४ व्होल्टने भरताना बाहेरून जेमतेम ५०० वॅट ओढतो, म्हणजे दोन-सव्वादोन अँपियर. एवढ्याशा लोडवर लांब केबल, बारीक वायर, ढिलं सॉकेट, कशाचंच फार काही वाटत नाही. आधी दाजी ४० मीटरचं दीड स्क्वेअर मिलिमीटर जाडीच्या तारेचं एक्स्टेन्शन लावून त्यावर एसी, मायक्रोवेव्ह सगळं चालवायचे, जाऊन येऊन ८० मीटर तांबं म्हणजे एक ओहमच्या वर, १३ अँपियरला १४ व्होल्ट वाटेतच खाल्ले, वर ते एक्स्टेन्शन ड्रमवर गुंडाळलेलंच ठेवायचे, हात लावला की गरम. रात्रीच्या आठ तासांत हा चार्जर २०० ची बॅटरी रिकामीपासून भरून टाकतो.

अडलं ते एसीवर. एक टनाचा एसी रात्रभरात सहज तीन युनिटच्या वर खातो आणि बॅटरीत आहेत अडीच. दाजी म्हणाले मग मेमध्ये काय करू, पंखा घालू का? त्यांचं बरोबर होतं. म्हणून एसीसाठी वेगळा हाताने फिरवायचा चेंजओव्हर स्विच दिला, दोन पोलचा, बाहेर किंवा इन्व्हर्टर, म्हणजे दोन न्यूट्रल कधीच एकमेकांना भेटणार नाहीत. एसी बाहेरच्या विजेवर चालवायचा तर चालवा, पण मीटर बघून आणि जागे असताना.

बसवलं ते असं. बंपरच्या भोकाच्या जागी निळा इंडस्ट्रियल इनलेट, केबल २० मीटर, तीन कोअर, अडीच स्क्वेअर, आणि पूर्ण उलगडूनच वापरायची. आत आल्या आल्या एक छोटा बॉक्स, त्यात दोन पोलचा १६ चा एमसीबी, दोन पोल का तर कित्येक ठिकाणी सॉकेटमध्ये फेज डावीकडे आणि न्यूट्रल उजवीकडे जोडलेला सापडतो, तिथे एकाच पोलचा स्विच पाडला तरी आत फेज जिवंत राहते. मग ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी. मग व्होल्टेज प्रोटेक्टर, वर २५५ ला तोड, खाली १९० ला तोड, आणि परत जोडायला १८० सेकंद थांब, कारण कंप्रेसरला लगेच परत उठवलं तर तो उठत नाही, घुमतो आणि तापतो. हा प्रोटेक्टर घेताना दुकानदाराला किंमत विचारण्याआधी हे विचारा की ह्याला स्वतःला ४४० लागले तर तो जगतो का. काही स्वस्तातले ३०० च्या पुढे स्वतःच धूर सोडतात, मग राखणदारच मेला तर दार उघडं की बंद हे नशिबावर.

इन्व्हर्टरच्या न्यूट्रलचं पण एक आहे. इन्व्हर्टरवर असताना न्यूट्रल कुठेच अर्थला जोडलेला नसेल तर त्याच्यापुढचा आरसीसीबी शोभेचा. म्हणून इन्व्हर्टरच्या तोंडाशी न्यूट्रल आणि चेसिस जोडायला लागतात, पण हे मॅन्युअल बघूनच, काही स्वस्त इन्व्हर्टरमध्ये दोन्ही तारांवर अर्धं अर्धं व्होल्टेज असतं, तिथे जोडलं की इन्व्हर्टर गेला. आमच्यात चालत होतं, जोडलं.

आणि अर्थसाठी दोन फुटी रॉड, मळ्यात मिळणाऱ्या कांबीसारखा, गाडीच्या चेसिसला वायरने जोडून जमिनीत ठोकायचा. दाजी म्हणाले एवढ्याशा रॉडने काय होणार? एकट्याने काही नाही. कोरड्या जमिनीत त्याचा रेझिस्टन्स ३०० ओहम निघाला तरी फेज पत्र्याला लागल्यावर पाऊण अँपियर वाहील, त्याने १६ चा एमसीबी ढिम्म हलणार नाही, पण आरसीसीबीला ०.०३ पुरतात, तो पडणारच. रॉड आहे आणि आरसीसीबी नाही, अशी गाडी मात्र मला रॉड नसलेल्या गाडीपेक्षा जास्त धोक्याची वाटते, कारण माणूस निर्धास्त होतो.

आता पिन लावायच्या आधीची पद्धत. ताई इस्त्री काढते. हजार वॅटची जुनी इस्त्री, मीटर लावलेल्या दोन पॉइंटच्या बोर्डात. आधी नुसतं व्होल्टेज बघायचं, मग इस्त्री लावून. २३२ वरून २२७ झालं तर चालेल. २२० च्या खाली गेलं तर तिथे कुठेतरी ढिलं आहे, कारण सव्वाचार अँपियरला बारा व्होल्ट पडतायत म्हणजे तीन ओहमच्या आसपास रेझिस्टन्स, जो असायला नको. आणि इस्त्री न लावता आकडा आपोआप वर चढत असेल, शेजारी कुणी काही चालू केल्यावर, तर तिथे वीज घ्यायचीच नाही, बॅटरीवर झोपायचं. मळ्यात गाडी लावली असेल तर अजून एक बघायचं, जवळ कुणी दोन फेजवर कंडेन्सर लावून मोटर चालवतोय का, आपल्याकडे शेतीच्या लाईनवर हे सर्रास चालतं, आणि अशा लाईनवर फेजचे आकडे कधीच सरळ नसतात.

फेब्रुवारीत दाजी-ताई वैतरणेच्या बाजूला गेले होते, तिथे लग्न होतं, लाईट गेली आणि मंडपवाल्याने जनरेटर चालू करून सगळीकडे जोडला. दाजींनी मला मीटरचा फोटो पाठवला, २६३, आणि शेजारी प्रोटेक्टरचा लाल दिवा. जनरेटरचा मोठा लोड एकदम सुटला की तो क्षणभर असाच उसळतो. रात्रीत तीनदा तोडलं आणि तीनदा तीन मिनिटांनी परत जोडलं, आत कुणाला कळलंही नाही, पंखा चालू, फ्रिज चालू. दाजींनी वहीत वेळा लिहून ठेवल्यात, प्रेसमधली सवय.

बॅकवॉटरवाल्यांनी त्या रात्रीचं भाडं परत केलं, एसीचे पैसे नाही दिले, आणि आम्ही फार ताणलंही नाही. पण मार्चमध्ये दाजी परत तिकडे गेले तेव्हा मला व्हिडिओ कॉल करून बॉक्स दाखवला, नवीन, आत तिन्ही फेज आणि न्यूट्रलला बायमेटल (ॲल्युमिनियम आणि तांबं जोडलेले) लग दाबलेले, आणि अर्थची पट्टी खांबाच्या बुडाशी जमिनीत गेलेली. मी म्हटलं दाजी, झाकण लावा आता, आणि ताईला म्हणावं इस्त्री काढ.